मुकादमचाचांचा रहिवासाचा पुरावा

कचरा डेपोच्या फाटकावर रहिवासाचा पुरावा म्हणून स्वतःचा निकाहनामा दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे मुकादमचाचा. निकाहनामा लॅमिनेट केलेला होता, हे वेगळं सांगायला नको.

आधी मुद्दा स्पष्ट करते. इथे अमिरातीत, अल ऐन शहराच्या बाहेर एक कचरा डेपो आहे आणि त्याला लागून कंपोस्ट खताचा प्लांट. घरचा ओला कचरा नेऊन द्या, पिशवीभर खत घेऊन या. योजना उत्तम. अट मूर्खपणाची. तुम्ही याच भागात राहता याचा कागद दाखवा, मग कार्ड मिळणार आणि मग फाटक उघडणार. मी विचारते, दुधीच्या सालीला पत्ता कशाला? ती काय दुसऱ्या अमिरातीतून पळून आलेली असते?

हाच प्रश्न विचारणारं एक पत्रक मी काढलं आणि बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये चिकटवलं. वॉचमनने दुपारपर्यंत ते काढून टाकलं. आई म्हणाली, "हे पुणं नाहीये. आपला व्हिसा बाबांच्या कंपनीचा आहे, एवढं लक्षात ठेव आणि मग काय ती क्रांती कर."

दुपारपर्यंतच्या त्या वेळात पत्रक वाचून एकच माणूस आला. दारात सत्तरीचे, उंच, किरकोळ अंगाचे गृहस्थ उभे. एका हातात झाकणाचा डबा, दुसऱ्या हातात रबरबँड लावलेली जाडजूड हिरवी फाईल.

"पत्रक कोन लिवला?"

"मी."

"भाषा कडक हाय. पन जोडपत्र कुठाय, बाय? जोडपत्राशिवाय कागदाला कोन इचारतो?"

हे चौथ्या मजल्यावरचे हसन मुकादम. गाव दापोलीजवळचं. चाळीस वर्षं इथल्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. रिटायर झाले तरी त्यांच्यातला स्टोअरकीपर रिटायर झाला नाही. दहा बोल्ट मागायला आलेल्या माणसाकडून दोन प्रतींत सही घेण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याला जग कागदांचंच बनलेलं दिसतं. "सगला रेकॉर्ड हाय" हे त्यांचं ब्रीदवाक्य. त्यांच्या बोलण्यात 'ळ' नाही आणि फाईलमध्ये रिकामी जागा नाही. जुबेदाचाची चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा रियाझ दुबईजवळ जबल अलीला नोकरी करतो, तिथेच राहतो आणि पंधरवड्याने येतो. फ्लॅट त्याच्या नावावर, लाईटबिल त्याच्या नावावर, चाचांचा व्हिसासुद्धा त्याच्याच नावावर.

म्हणजे बघा! या देशाचं ऊन चाळीस वर्षं खाल्लेल्या माणसाकडे तो इथे राहतो असं सांगणारा एक कागद नाही. माझं डोकं फिरलं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "चाचा, तुमचं कार्ड मी मिळवून देणार."

"इन्शाल्ला," चाचा म्हणाले. घाई काहीच नव्हती त्या इन्शाल्लात. ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

मग आमचे शनिवार सुरू झाले. मी गाडी चालवायची. चाचा मांडीवर डबा आणि डब्यावर फाईल घेऊन बसायचे. फाटकाशी एक पत्र्याची केबिन आणि त्यात पेशावरचा गुलखान, दिवसभर एकटा.

पहिल्या शनिवारी चाचांनी कंपनीचा अनुभवाचा दाखला काढला.

"चाचा, ये तो नौकरी का है," गुलखान म्हणाला. "रहने का लाओ."

"नौकरी किया तो रहा भी होगा ना? रोज दापोली से आता था क्या? एक कमरे में आठ आदमी था हम. बैठो, बताता है."

आणि ते बसले. मी मात्र संतापून गाडीत परतले, एसी लावला आणि लॅपटॉप उघडून नगरपालिकेच्या ऑफिसला तक्रारीचा पहिला मेल ठोकला. अर्ध्या तासाने गुलखानने डबा स्वतः आत नेऊन रिकामा केला. "इस बार ले लेता हूँ. अगली बार पेपर लाओ." वर खताची पिशवीही दिली.

दुसऱ्या शनिवारी कंपनीच्या कॅरम स्पर्धेचं प्रशस्तिपत्र. तिसऱ्या शनिवारी गावचं रेशनकार्ड. चौथ्या शनिवारी तो निकाहनामा. दर वेळी नकार, दर वेळी बिनदुधाचा सुलेमानी चहा, दर वेळी "इस बार ले लेता हूँ". गुलखान माझ्यासाठीही ग्लास भरून ठेवायचा. मी गाडीतूनच हात हलवून नको म्हणायचे. अन्यायाच्या टेबलावर चहा प्यायला मला जमत नाही. केबिनमधून मोठमोठ्याने हसणं ऐकू यायचं, तेव्हा मी मेलमध्ये 'ज्येष्ठ नागरिकांची अवहेलना' असं लिहीत असायचे.

परत येताना चाचांची स्वारी खूश. "अजून खूप कागद हायत. तू काय घाबरू नको."

"मी घाबरत नाहीये चाचा, मला राग येतोय!"

"येऊ दे. तुझ्या वयाला शोभतो."

दोनेक महिने मी मेलचा असा भडिमार केला की शेवटी एका शुक्रवारी उत्तर आलं. मुलाच्या नावाचा भाडेकरार चालेल. सोबत मुलाचं पत्र हवं, की वडील माझ्या घरी राहतात. खलास! मी जिंकले. मी लगेच रियाझला फोन लावला.

"लेटर?" तो म्हणाला. "अगं, ते तर चार महिन्यांपूर्वीच, रमजानच्या आधी दिलंय अब्बांना. भाडेकराराची कॉपी पण जोडलीय. शिक्क्याशिवाय कागद त्यांना चालत नाही, म्हणून टायपिंग सेंटरवाल्याचा शिक्कासुद्धा मारून घेतला."

"हरवलं असेल मग."

"अब्बांच्या फाईलमधून? काहीही काय बोलतेस!"

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. आम्ही पोचलो तेव्हा गाडी चालूच ठेवून मी पहिल्यांदाच चाचांबरोबर केबिनमध्ये शिरले. त्यांनी टेबलावर जुबेदाचाचींचं ड्रायव्हिंग लायसन्स ठेवलं आणि सांगायला लागले. चाची टेस्टला सहा वेळा नापास झाल्या होत्या. पाचव्या टेस्टला इन्स्पेक्टर ओरडला, तर चाचींनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि त्यालाच बजावलं, आधी पट्टा बांध, मग ओरड. गुलखान मांडीवर थापा मारत होता. तेवढ्यात चाचांना डबा विसळायची आठवण झाली आणि ते बाहेरच्या नळावर गेले.

मी झडप घालून फाईल उघडली. शेवटचा कप्पा. पत्र, भाडेकरार, निळा शिक्का. सगळं जिथल्या तिथे.

"भाईसाब! ये देखिए! ये तो कब से इसी में है!"

गुलखानने चहा ओतता ओतता मान वर केली नाही. "मालूम है, बेटी. पहले हफ्ते ही देख लिया था."

"तो फिर कार्ड क्यों नहीं बनाया?"

त्याने नुसतं खिडकीकडे बोट केलं. पलीकडच्या लेनमध्ये एक गाडी आली. काच चार बोटं खाली झाली, एक हात बाहेर आला, कार्ड टेकलं, बीप वाजलं, दांडा वर गेला आणि गाडी आत. आत कोण होतं ते ना त्याला दिसलं ना मला.

"ये होता है कार्ड," गुलखान म्हणाला.

माझ्या खिशात जिंकलेला मेल होता, छापून आणलेला, जोडपत्रासहित. बाहेर चाचा डबा विसळत होते. स्वच्छ झालेला डबा पुन्हा विसळत होते, नळापाशी उभ्या एका मांजराला काहीतरी सांगत.

मी पत्र परत शेवटच्या कप्प्यात सरकवलं. रबरबँड लावला.

"काय गो?" चाचा आत आले. त्यांची नजर फाईलवर गेली, मग माझ्यावर. "हापिसाचा जबाब आला काय?"

दोन महिने ज्या कारकुनी उत्तरांना मी शिव्या घातल्या, तसलं एक उत्तर माझ्या तोंडून अगदी सहज बाहेर पडलं. "आला ना. म्हणतात, हातात आहेत तेवढे सगळेच कागद तपासावे लागतील. एकेक करून."

"सगले?"

"सगळे. आणि मूळ प्रती."

"बघ! ही हापिसातली मानसं!" चाचांनी कपाळाला हात लावला, पण चेहरा असा खुलला की विचारू नका. ते खुर्चीत ऐसपैस टेकले, चाचींचं लायसन्स परत समोर ओढलं आणि त्यावर न पडलेली धूळ रुमालाने पुसली. "हां, तर सहावी टेस्ट."

"एक मिनिट, चाचा."

मी बाहेर जाऊन गाडीचं इंजिन बंद केलं. आत येऊन तिसरा ग्लास उचलला.

"हां," मी म्हटलं. "सहावी टेस्ट."