घारमाथ्याची चढाई आणि हैबतराव महाराजांचा विचार

श्रीगजाननास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि ज्या कातळास लेखकानें दोन्ही हातीं पोटाशीं धरिलें त्या कातळास विशेष नमन. शके सोळाशें एकसष्ट, सिद्धार्थीनाम संवत्सरीं, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीस श्रीमंत हैबतराव महाराजांची स्वारी नूतन राणी सगुणाबाईसाहेब यांसह घारमाथा नामें सुळका चढोन गेली, तें वर्तमान यथामति लिहितों. लेखक स्वतः चढाईंत होता आणि बहुतेक काळ डोळे मिटोन होता. म्हणोन येथें ऐकिलेलें बहुत आणि पाहिलेलें थोडें, ऐसें वाचणारांनीं समजोन घ्यावें.

या दौलतीचे रिवाज दोन. एक ऐसा जे, महाराजांचे मस्तकाहून उंच कोणाचेही पाय असों नयेत. म्हणोन वाड्यास माडी नाहीं, आणि नारळ उतरविणारानें महाराज परगांवीं गेले म्हणजेच झाडावर चढावें. दुसरा ऐसा जे, महाराज भ्याले हें वाक्य कोणी उच्चारूं नये. प्रसंग पडलाच तर "महाराज विचारांत पडले" ऐसें म्हणावें. लहानपणीं महाराज आंब्याचे झाडावर दुपारभर विचारांत पडले होते, मग शिडी लावोन त्यांस विचारासकट उतरविलें, आणि तेव्हांपासून झाडावर वा डोंगरावर स्वारी गेली नाहीं. परंतु सोयरीक ठरतेसमयीं गंमत जाहली. मुलगी घाटमाथ्याची, भावांमागें कडे चढोन वाढलेली, आणि दिसावयास ऐसी जे महाराजांची जीभ महाराजांची राहिली नाहीं. तिनें सहज विचारिलें, "तो घारमाथा चढलाय का कधी?" आणि महाराजांचे मुखांतून निघोन गेलें, "दोनदां." आणि मुलगी हसली, आणि लग्न जाहलें, आणि वाड्यांत येतांच राणीसाहेब म्हणाल्या, "आता तिसऱ्यांदा मला घेऊन चला. माथ्यावरून समुद्र दिसतो म्हणे. आमच्याकडं बायकांना त्या सुळक्यावर जाऊ देत नाहीत, पण तुमच्याबरोबर गेले तर कोण अडवतंय!" तेव्हां महाराज विचारांत पडले. न जावें तर खोटें उघडें पडतें, आणि राणीच्या नजरेंतून उतरणें हें कड्यावरोन उतरण्याहूनही अवघड. सबब महाराजांनीं डोळे मिटोन होकार दिधला.

मग कूच जाहलें. महाराज सर्वांपुढें, कारण दुसरा पुढें गेला तर त्याचे पाय वर जातात. त्यांमागें राणीसाहेब कांसोटा घालोन, त्यांमागें कारभारी बाळो विसाजी, त्यांमागें चोपदार, आणि त्यांमागें लेखक कलमदान कमरेस बांधोन, आणि मग उरला दरबार. चोपदार सवयीनें ललकारी देत होता, "आस्ते कदम, महाराज! आस्ते कदम!" आणि महाराजांनीं आयुष्यांत प्रथमच त्याचें मनापासून ऐकिलें. पुढें डोंगराची धार लागली. दोहों बाजूंस दरी आणि मध्यें वाट बैठकीच्या लोडाएवढी, आणि वारा ऐसा सुटला जे उपरणीं फडफडा तोंडावर आपटूं लागलीं. तेथें महाराज हळूच बसले, मग हात टेकिले, मग रांगों लागले. तें पाहोन कारभारी गहिंवरोन ओरडले, "महाराज डोंगरदेवास वंदन करिताहेत! करा रे सगळे!" आणि सकळ दरबार धारेवरोन ओळीनें रांगत निघाला, आणि लेखकास तें वंदन बहुत मानवलें. राणीसाहेब मात्र तोंडास पदर लावोन उभ्यानें चालत होत्या, आणि त्यांचे खांदे हसण्यानें हालत होते.

मग खडा कातळ आला. पाय ठेवावयास बोटांपुरत्या खोबणी, आणि खालीं नुसती हवा. महाराज अर्ध्यावर गेले आणि थांबले, आणि थांबले ते थांबलेच. "महाराज विचारांत पडले," कारभारी खालोन बोलिले. विचार फार लांबला. लेखकाचे डोकीवर चोपदाराचे पाय होते, त्यांतला एक खोबण समजोन लेखकाचे पागोट्यावर टेकला. तेव्हां राणीसाहेबांनीं विचारिलें, "मागल्या दोन खेपांना इथनं कसे गेलात?" महाराजांनीं कपाळ कातळास टेकिलें आणि बोलिले, "गेलों नाहीं. एकदांही नाहीं. खोटें बोलिलों. आम्हांस भय वाटतें, सगुणा." हा शब्द ऐकोन दरबार हादरला. कान झांकावे तर हात मोकळा कोणाचा? राणीसाहेब म्हणाल्या, "मग आधी नाही का सांगायचं! सरका जरा डावीकडं. मी पुढं होते. खाली बघू नका, वर बघू नका, नुसत्या माझ्या टाचा बघा. टाच उचलली की तिथं हात घाला." कारभारी किंचाळले, "राणीसाहेब, पाय! पाय मस्तकाहून वर जातील! रिवाज!" त्यावर महाराज बोलिले, "बाळोपंत, रिवाज पाळावयास मस्तक तरी जागेवर राहूं द्या!" आणि राणीसाहेब कातळास बिलगोन वर गेल्या, आणि टाच उचलली, आणि महाराजांनीं हात घातला, आणि पुन्हां टाच, पुन्हां हात, आणि बघतां बघतां कातळ संपला आणि माथा लागला.

काय तो हर्ष वर्णावा! पश्चिमेस समुद्र लखलखत होता, उन्हांत वाळत घातलेल्या धोतराएवढा, आणि घारी खालीं फिरत होत्या. आयुष्यभर घारींचीं पोटें पाहिलीं, आज पाठी पाहिल्या. राणीसाहेब समुद्राकडे बघोन आधीं रडल्या, मग हसल्या, मग महाराजांचे हात धरोन तेथेंच फुगडी घातली, आणि महाराज गरगर फिरत मोठ्यानें ओरडले, "ऐका रे! आम्ही भ्यालों होतों!" आणि कातळास लटकलेला अवघा दरबार एका आवाजानें गर्जला, "आम्हीही, महाराज! आम्हीही!" कारभारी तर लग्नघरीं वाजंत्री ऐकावी तैसे खूष जाहले. जन्मभर दाबलेला शब्द सुटला आणि जो तो हसत वर चढला.

मग फुगडी थांबली. राणीसाहेब म्हणाल्या, "मला ठाऊकच होतं. लग्नात हत्तीवर अंबारीत चढताना तुम्ही माझा हात असा आवळलात की चुडा फुटला." महाराज ओशाळोन बोलिले, "ठाऊक होतें, तर येथवर कशास आणिलें?" राणीसाहेब म्हणाल्या, "दोनदा म्हणालात तेव्हा वाटलं, माझ्यासाठी एवढं मोठं खोटं बोलणारा माणूस माझ्यासाठी एकदा तरी खरंच चढेल."

सारांश, घारमाथा फत्ते जाहला, शत्रू कोणी नव्हता, आणि महाराजांचें खोटें निम्में खरें जाहलें. ही बखर माथ्यावरच बसोन लिहिली आहे, कारण उतरावें कसें याची मसलत अद्याप चालू आहे. महाराज काठाशीं जातात, खालीं डोकावतात, आणि "भय वाटतें, भय वाटतें!" म्हणत राणीसाहेबांचा हात धरोन हसत परत येतात.