पेटी बंद, घर चालू

वीज ही मोठी तर्कशुद्ध देवता आहे. तुम्ही कार्यकारणाला धरून वागा, तीही धरूनच वागते. घोटाळा होतो तो माणसांच्या हातून! हे माझे मत पेटी बांधायला घेण्यापूर्वीच मी घरात सर्वांना ऐकवून ठेवले होते. हयातभर विद्यार्थ्यांना न्यायशास्त्र, म्हणजे तर्काचे शास्त्र, शिकवलेला मनुष्य मी. नुसत्या धुरावरून डोंगरापलीकडचा अग्नी ओळखणाऱ्याला हातभर तारेतली वीज ती काय अवघड!

मूळ संकल्प असा. आमच्या घरात अडॅप्टर नामक काळ्या ठोकळ्यांनी उच्छाद मांडला होता. इंटरनेटच्या डबीला एक, सूनबाईंच्या लॅपटॉपला एक, बिनतारी फोनला एक आणि सौभाग्यवती उतारवयात ज्यावर सूर शोधू लागल्या होत्या त्या कीबोर्डला एक. प्रत्येकाचा व्होल्ट निराळा, पण रंग एक, तोंडवळा एक! शिवाय एकेक ठोकळा असा ऐसपैस, की बोर्डावर बसला की शेजारची दोन्ही भोके अडवी. बाकावर मांडी ठोकून बसलेल्या जाड्या पाहुण्यासारखा!

मी ठरवले, एकच पेटी! आत एक दणकट ट्रान्सफॉर्मर. बाहेर पाच, नऊ, बारा आणि एकोणीस व्होल्टची चार तोंडे. तेथून तारा घरभर जातील आणि ज्याला जेवढे हवे तेवढेच मिळेल. अनेकांच्या मुळाशी एकच तत्त्व असते हे आपल्या पूर्वजांनी केव्हाच सांगून ठेवले आहे. त्यांनी फक्त सोल्डरिंग केले नाही.

परंतु नेमक्या त्याच सुमारास सूनबाईंनी जेवणाच्या टेबलावर विषय काढला.

"बाबा, मागची खोली मला ऑफिसच्या कामाला मिळेल का? दिवसभर मीटिंगा असतात. आणि तुम्ही तर हॉलमध्येच बसता, खोलीत नुसतं सामान पडलेलं असतं."

"सामान नव्हे," मी म्हणालो. "ती माझी प्रयोगशाळा आहे."

"प्रयोग कोणता झाला हो तिथे?" सौभाग्यवतींनी पोळी वाढता वाढता विचारले.

प्रश्न वर्मी लागला. मी पेटीची घोषणा करून टाकली. चिरंजीवांनी दोन्हीकडे पाहिले आणि दोन पक्षांत सापडलेल्या मध्यस्थाने द्यावा तसा निवाडा दिला. "बाबांची पेटी महिनाभर घरातले सगळे अडॅप्टर बंद ठेवून नीट चालली, तर खोली बाबांची. नाही चालली, तर सगळं लोखंड माळ्यावर आणि खोली हिची. कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो.

"कबूल," सूनबाईही म्हणाल्या, आणि किंचित हसल्या. ते हसू मी तेव्हाच मनात टिपून ठेवले.

पुढचे दिवस मी खोलीत दार लावून बसलो. भंगारबाजारातून शहाळ्याएवढे दोन कपॅसिटर आणले. हे कपॅसिटर म्हणजे विजेचे रांजण; आलेली वीज साठवायची आणि हळूहळू ओतायची. "अहो, जेवायला येताय, की तिथेच वीज खाताय?" असे बाहेरून विचारले जाई, मी उत्तर देत नसे. अखेर पेटी उभी राहिली. मी भिंतींच्या कडेकडेने तारा दिवाणखान्यापर्यंत नेल्या, सगळे अडॅप्टर पिशवीत भरून माळ्यावर ठेवले आणि सर्वांना बोलावून बटण दाबले. लाल दिवा लागला! इंटरनेटची डबी लुकलुकली, लॅपटॉप जागा झाला, कीबोर्डातून सौभाग्यवतींचा एक बेसूर स्वर निघाला. मी कृतार्थ झालो आणि फिरायला गेलो.

परत येऊन पाहतो तो घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, पंखा पूर्ण वेगात, आणि सौभाग्यवती टॉवेल गरागरा फिरवीत आहेत!

"हे काय चाललंय?"

"डास!" तिघेही एकदम म्हणाले.

माझ्या घरात तीन माणसांचे एका विषयावर असे एकमत यापूर्वी झालेले नव्हते. मी सावध झालो. पण लाल दिवा तेवत होता, इंटरनेट चालू होते. मी पेटीची राखण करायला खोलीत जाऊन बसलो, आणि पुढेही बहुतेक वेळ तिथेच बसू लागलो.

त्यानंतर संशयास जागा देणाऱ्या गोष्टींची रांगच लागली. मी स्वयंपाकघरात शिरलो की चालू असलेले बोलणे थांबे आणि कोणीतरी घाईघाईने म्हणे, "तर मग भेंडी आणू या." चिरंजीव सकाळी उठून विचारीत, "काय बाबा, पेटी कशी आहे?" जणू ती इस्पितळात होती! सौभाग्यवती तर एकदा आपण होऊन म्हणाल्या, "छान झालीय हो पेटी." त्यांच्या तोंडून माझी स्तुती, आणि तीही "हो" लावून! मला रात्रभर झोप लागली नाही.

आणि एके दुपारी मी प्रत्यक्ष पाहिले. सूनबाई ओढणीखाली काहीतरी झाकून चवड्यांवर चालत दिवाणखान्यात निघाल्या होत्या. ओढणीच्या खालून उंदराच्या शेपटीसारखी काळी वायर लोंबत होती!

"काय आहे ते?"

"कुठं काय? काही नाही, बाबा!" आणि त्या पुस्तकांच्या कपाटाआड नाहीशा झाल्या.

आता मला अनुमान करणे भाग होते. पेटी बंद पडण्यात कोणाचा लाभ? सूनबाईंचा. कपाटाआड कोण जाते? सूनबाई. हातात वायर कोणाच्या? सूनबाईंच्या. अर्थात पेटी बिघडवण्याचे कारस्थान चालू आहे, आणि माझी अर्धांगी व माझा पुत्र त्यात फितूर आहेत. महिना संपत आला होता. खोली वाचवायची तर चोर रंगेहाथ पकडायला हवा होता.

मी सापळा रचला. कोणाला न कळवता पेटीचे बटण बंद केले. माझा तर्क असा, की जो निर्दोष असेल तो "नेट गेलं!" म्हणून ओरडेल, जो अपराधी असेल तो मुकाट्याने बसेल. मी दाराला कान लावला.

कोणीच ओरडले नाही!

तिघेही अपराधी? मी खचलो. तसाच दिवाणखान्यात गेलो आणि जागच्या जागी थिजलो. इंटरनेटची डबी लुकलुकत होती. सूनबाई लॅपटॉपवर कोणाशी तरी बोलत होत्या. सौभाग्यवती कीबोर्डवर तोच स्वर नव्याने चुकत होत्या. पेटी बंद, आणि घर चालू!

वाचकहो, एखाद्या अविचारी माणसाला येथे भलतीच शंका आली असती. मला मात्र उत्तर तात्काळ स्फुरले. कुंभार चाकाला दांड्याने गती देतो. दांडा काढून घेतला तरी चाक फिरतच राहते. ज्ञानी पुरुषाचा देह ज्ञान झाल्यानंतरही काही काळ चालतो तो असाच, संचितातून सुटलेल्या प्रारब्धावर! माझे कपॅसिटर शहाळ्याएवढे होते. त्यांच्यात संचित साठले होते!

मी तासभर थांबलो, घर चालूच. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पेटी बंद ठेवली, घर चालूच! सूनबाईंवरचा माझा संशय वितळून गेला. कारस्थान करणारा करो. पेटी कारस्थानाच्या पलीकडे गेली होती. हा नुसता घरगुती विजय नव्हता, हा शोध होता!

मी थेट शेजारी गेलो. आमचे शेजारी वीजखात्यातून निवृत्त झालेले अभियंते. सगळी इमारत त्यांना फ्यूजकाका म्हणते. त्यांनी माझे विवेचन कुंभारासकट ऐकून घेतले आणि चष्मा पुसला.

"शास्त्रीबुवा, एखादा क्षण म्हणालात तर मान्य. पण अख्खा दिवस?"

"प्रत्यक्षाला प्रमाण लागत नाही. पाहायला या!"

"येतो. पण मला यात काहीतरी काळंबेरं वाटतंय."

फ्यूजकाका येणार हे कळताच घरात पळापळ झाली. चिरंजीवांच्या हातून चहाचा कप निसटला. सौभाग्यवती म्हणाल्या, "आज नको हो, घर आवरलेलं नाही." सूनबाई म्हणाल्या, "बाबा, काकांना पुढच्या महिन्यात बोलवा ना!" मी मनात म्हणालो, पाहा, सत्य उजेडात येताना कपट कसे थरथर कापते!

फ्यूजकाका आले. मी पेटीचे बटण बंद केले. एवढ्याने भागेना, म्हणून भिंतीतला प्लगच उपटला आणि वर धरून दाखवला. दिवाणखान्यात सगळे जसेच्या तसे चालू!

"पाहिलंत?"

फ्यूजकाकांनी पेटीच्या चारही तोंडांतल्या तारा ओढून काढल्या, पेटी काखोटीला मारली आणि दिवाणखान्याच्या मधोमध आणून ठेवली. "आता?"

इंटरनेटची डबी प्रसन्नपणे लुकलुकत होती.

कुंभाराने दांडा काढला, इथवर ठीक होते. आता त्याने चाकही उचलून नेले होते. आणि मडके अधांतरी फिरतच होते!

फ्यूजकाकांनी वाकून कपाटामागे हात घातला आणि एक लांबलचक बोर्ड ओढून बाहेर काढला. त्यावर माळ्यावरचे सगळे अडॅप्टर मांडीला मांडी लावून बसले होते. माझ्या तारांची टोके शेजारी दोऱ्याने बांधून नुसती शोभेला ठेवलेली होती.

"हे घ्या, शास्त्रीबुवा, तुमचं संचित!"

मग त्यांनी पेटीचे झाकण उघडले. आत सगळा कोळसा झाला होता. फक्त लाल दिवा मी थेट भिंतीतल्या विजेवर जोडला असल्यामुळे, आतले सगळे गतप्राण झाले तरी तो इमानाने तेवत राहिला होता.

"हे कधी झालं?" मी विचारले.

चिरंजीवांनी मान खाली घातली. "पहिल्याच संध्याकाळी, बाबा. तुम्ही फिरायला गेलात आणि भसाभसा धूर आला. मग हिने माळ्यावरून एकेक अडॅप्टर चोरून आणून लावला."

"धूर! आयुष्यभर मी लोकांना धुरावरून अग्नी शिकवला, आणि माझ्याच घरात माझ्यापासून धूर लपवलात?"

तेवढ्यात माझ्या ध्यानात आले, की अडॅप्टर काढून लावणाऱ्या सूनबाई! खोली त्यांना हवी होती. पेटी जळाली होती. एक शब्द उच्चारला असता तर खोली त्यांची झाली असती. आणि ही मुलगी महिनाभर माझी लाज राखण्यासाठी कपाटाआड चवड्यांवर चालत होती! जिला मी चोर ठरवले, तिने ही भक्ती करावी! माझे डोळे पाणावले.

"सूनबाई," मी सद्गदित होऊन म्हणालो, "खोली तुमची. मी हरलो. आजपासून मी पूर्ववत दिवाणखान्यात बसत जाईन."

"नको!" सूनबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की फ्यूजकाकांच्या हातातले झाकण पडले. "नको बाबा, प्लीज! खोली तुमचीच!"

"अशी निःस्वार्थ बुद्धी..."

"कसली निःस्वार्थ! खोली मी मागितली खरी. पण तुम्ही पेटीसाठी आत जाऊन बसलात, आणि मला पहिल्यांदा कळलं की मीटिंग अशी पण होते! त्याआधी तुम्ही माझ्या खुर्चीमागे येऊन आमच्या साहेबांना सांगितलं होतं, की तुमच्या बोलण्यात हेत्वाभास आहे!"

"होताच मुळी!"

"असेल! पण त्यांनी तो शब्द शोधून काढला ना नंतर! 'फसवा तर्क' असा अर्थ निघाला! आणि पाहुण्यांना? भाजीवाल्याला? फोनवर बँकवाल्या बाईला तुम्ही अर्धा तास 'कारण' म्हणजे काय ते शिकवत होतात!"

"बाबा," चिरंजीव हळूच म्हणाले, "तुम्ही आत असता तेव्हा मलाही दुपारी जरा पडता येतं."

मी आशेने सौभाग्यवतींकडे पाहिले.

"अहो, माझं सोडा," त्या म्हणाल्या. "पण तो कीबोर्ड मी तुमच्या समोर कधी शिकले असते का? प्रत्येक सुराला तुमची टीका!"

फ्यूजकाकांनी पेटी पुन्हा काखोटीला मारली, अदबीने मागच्या खोलीत नेऊन ठेवली आणि येताना दार ओढून घेतले. "शास्त्रीबुवा, निकाल लागला. खोली तुमची."

अशा रीतीने खोली माझीच राहिली. पुढची पेटी मी याहून मोठी करायला घेतली आहे. सगळ्यांनी तिला मनापासून उत्तेजन दिले; चिरंजीवांनी तर नवा ट्रान्सफॉर्मर स्वतः आणून दिला. चहा दाराशीच मिळतो. कामात व्यत्यय नको म्हणून आतून कडी मी लावून घेतो.

बाहेरूनही कोणीतरी लावते, असा मला दाट संशय आहे.