देवरावांच्या खुब्याला पाच शेर

इतवारी बाजारातले गूळ-जवसाचे व्यापारी देवराव उमाटे आपल्याच दुकानात सांडलेल्या जवसावरून घसरले आणि गादीच्या लाकडी कडेवर असे आपटले, की उजवा खुबा जागचा हलला. जवसाचा दाणा मोठा लबाड. चालत्या माणसाला तो दिसत नाही आणि पडलेल्याला उठू देत नाही. मुनीम दादाजी तागडी टाकून धावले, समोरच्या दुकानातून मधुकरराव धावले. दोघांनी बखोट्याला धरून उभं केलं, तेव्हा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसला आणि पाऊल आतल्या बाजूला वळलेलं.

"दवाखान्यात न्या याले," मधुकरराव म्हणाले.

"दवाखान्यात जाते ते चौघांच्या खांद्यावर येते," देवराव कण्हत ओरडले. "मले घरीच मरू द्या!"

घर दुकानाच्या मागेच होतं. यमुनाबाईंनी खाट घातली आणि महाल भागातून डॉक्टर कृष्णकांतांना आणायला टांगा पाठवला. डॉक्टर कलकत्त्याला शिकून नुकतेच परत आले होते. वय कोवळं, पण हात मोठा खंबीर. त्यांनी औषध हुंगवून देवरावांना झोपवलं, दादाजींना कंबर दाबून धरायला सांगितलं आणि पाय धरून असा ओढला, की आतून 'कट्' असा आवाज झाला. तो आवाज ऐकून दादाजीच भिंतीला टेकले.

देवराव शुद्धीवर आल्यावर डॉक्टर खाटेजवळ बसले. "खुबा बसवला आहे. पण त्याच्या वाटीची कड चिरली आहे. पाय आता ओढून ठेवायला हवा, नाहीतर खुबा पुन्हा निसटेल. वजन लावून पाय ओढून ठेवतो. त्यानं जमलं तर उत्तम."

"अन् नाई जमलं तं?"

"मग मुंबई. ऑपरेशन. खुबा उघडून हाड बसवायचं."

मरणाचं देवराव आता काही बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, "मले मांडी घालता येईन का?"

"ऑपरेशननंतर? सांगवत नाही. खुर्चीवर आरामात बसाल."

यमुनाबाईंनी डोळ्याला पदर लावला, कारण नवऱ्याच्या काळजाला काय लागलं ते त्यांना कळलं. खुर्चीवर मामलेदार बसतो, मास्तर बसतो. गूळ विकणारा गादीवर मांडी घालूनच बसतो. खुर्चीवर बसलेला व्यापारी दिसला, की इतवारी समजायची, याचं दुकान लिलावात निघालं. देवरावांचे वडील त्या गादीवर बसले, आजोबा बसले. त्यांच्या मांड्यांनी गादीत दोन खळगे पडले होते आणि देवराव त्या खळग्यांत अगदी मापात बसत.

"वजन लावा, डॉक्टर," देवराव म्हणाले. "काई बी लावा. मुंबई नको."

डॉक्टरांनी पायाला पट्ट्या चिकटवल्या. विहिरीची जुनी कप्पी खाटेच्या पायथ्याशी ठोकली. खाटेचा पायथा विटांवर चढवला, त्यामुळे देवरावांचं डोकं खाली आणि पाय वर झाले. "आता या दोरीला पाच शेर बांधा," डॉक्टर म्हणाले. "बरोबर पाच शेर. कमी नको, जास्त नको."

दादाजींनी डोकं खाजवलं. "कोणतं पाच शेर आणू, डॉक्टरसाहेब?"

खाटेवरून देवराव मोठ्यानं खोकले.

"कोणतं म्हणजे?" डॉक्टर म्हणाले. "पाच शेर म्हणजे पाच शेर."

आता हा प्रश्न दादाजींना का पडला, ते इतवारीबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. त्या काळी तिथल्या बऱ्याच दुकानांत वजनं दोन जातींची असत. गादीच्या डाव्या हाताला घ्यायची वजनं आणि उजव्या हाताला द्यायची. शेतकरी गूळ घेऊन आला की डावीकडचं पाच शेर तागडीत पडे. ते चांगलं गलेलठ्ठ होतं. गिऱ्हाईक आलं की उजवीकडचं निघे. ते बुडाशी कोरून काढलेलं, उपवासाचं. दोन्हींवर आकडा एकच. याला कोणी चोरी म्हणत नसे, धंद्याची रीत म्हणत.

दादाजी इमानी माणूस. मालकाच्या पायासाठी कमी काय म्हणून द्यायचं, असा विचार करून त्यांनी डावीकडचं, घ्यायचं वजन आणून लटकवलं. डॉक्टर गेले आणि घटकाभरात देवराव बोंबलायला लागले.

"अवं यमुने, पाय उपटून राहिला माया! मुळासकट उपटून राहिला!"

"डॉक्टर म्हणे, थोडं दुखन."

"थोडं? मी भुईमूग आहो का वं?" देवरावांनी मान उचलून पायथ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "दादाजी, भैताडा, तू घ्यायचं लावलं का गा?"

"तुमच्या पायाले, मालक, हलकं कसं लावू?"

"काढ ते! द्यायचं लाव!"

द्यायचं वजन लागलं आणि देवरावांचा जीव भांड्यात पडला. इतका पडला, की ते घोरायला लागले. पुढच्या खेपेला डॉक्टर आले, फीत काढून त्यांनी दोन्ही पाय मोजले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पाय वर सरकतो आहे. पाच शेरांनी सरकायला नको होता. असंच राहिलं तर मुंबईला पत्र लिहावं लागेल."

डॉक्टर गेल्यावर दादाजी आणि मालक यांच्यात खल झाला. जड लावलं तर जीव जातो, हलकं लावलं तर मांडी जाते. खरं पाच शेर हवं होतं. पण तीन पिढ्यांच्या त्या दुकानात खऱ्या पाच शेरांचं वजनच नव्हतं! ते कधी लागलंच नव्हतं.

"खरे पाच शेर म्हणजे किती असते गा, दादाजी?"

"मधातच कुठीतरी असन, मालक."

'मधात', म्हणजे दोहोंच्या मध्ये, हा शब्द ऐकून देवरावांमधला व्यापारी जागा झाला. "मंग तोड निघाली! दिवसा घ्यायचं लाव, रात्री द्यायचं लाव. एकात जाते ते दुसऱ्यात येते. हिशेब बरोबर पाच शेर!"

धंद्यात हा हिशेब बरोबर होता. खुबा मात्र धंद्यातला नव्हता. दिवसभर पाय खाली ओढला जाई, रात्रभर वर सरके. देवराव दिवसा बोंबलत आणि रात्री घोरत. इतवारीतली माणसं त्यावरून दुकान उघडायची-मिटायची वेळ ओळखायला लागली.

एकदा डॉक्टर सकाळी येऊन पाय मोजून गेले आणि फीत विसरले म्हणून दिवेलागणीला परत आले. आलोच आहोत तर पुन्हा मोजू म्हणून त्यांनी मोजलं. त्यांनी डोळे चोळले, फीत उजेडाकडे नेली, पुन्हा मोजलं.

"सकाळी हा पाय आखूड होता. आता लांब आहे. हुगळीला भरती-ओहोटी येते, हे मी कलकत्त्याला पाहिलं. पायाला येते हे आज पाहतो आहे!" ते उठले. "देवराव, खुबा आत हलतो आहे. आता थांबण्यात अर्थ नाही. मुंबईच्या गाडीची तयारी करा."

देवरावांचा चेहरा गुळाच्या ढेपेसारखा पिवळा पडला. तोंड उघडावं तर तीन पिढ्यांची अब्रू जाते, मिटावं तर गादी जाते. तेव्हा यमुनाबाई पुढं आल्या.

"डॉक्टर, हे नाई सांगणार. यायच्या घरात पाच शेर दोन आहेत. एक घ्यायचं, एक द्यायचं. दिवसा एक लावते, रात्री दुसरं."

डॉक्टरांनी दोन्ही वजनं मागवली, एकेका हातात धरली. द्यायचं वजन धरलेला हात आपोआप वर गेला. मग ते हळूच म्हणाले, "देवराव, माझी आई इतकी वर्षं तुमच्याकडून गूळ नेते."

देवरावांनी पांघरूण तोंडावर घेतलं. आतून आवाज आला, "इंदुताईले मी नेहमी वरून एक खडा देतो, डॉक्टर."

डॉक्टरांना हसू आलं असावं, कारण ते बराच वेळ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. वळले तेव्हा चेहरा पुन्हा डॉक्टरचा होता. "मुंबईचं उद्या पाहू. आधी खरे पाच शेर पैदा करा."

दादाजी समोर मधुकररावांकडे धावले. मधुकरराव शेजारधर्माचा माणूस. स्वतः वजन घेऊन आले. खाटेशेजारी तागडी टांगली. एका पारड्यात देवरावांचं द्यायचं वजन ठेवलं, दुसऱ्यात मधुकररावांचं. मधुकररावांचं पारडं भुर्रकन वर गेलं.

देवराव इतक्या दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसले. "पाह्य वं यमुने! गिऱ्हाईक मले चोर म्हणते. याच्यापुढं मी तं देवमाणूस आहो!"

"घाईत द्यायचं उचललं गा मी," मधुकरराव खजील होऊन म्हणाले. "थांब, घ्यायचं आणतो."

ते घ्यायचं आलं आणि देवरावांचं घ्यायचं त्याच्यापुढं वर गेलं. मधुकररावांचं पाहून शेजारचा मिरचीवाला आला, मग हळदवाला आला. प्रत्येकाच्या हातात वजन आणि प्रत्येकाला आपलंच खरं असल्याची खात्री. खाटेभोवती लोखंडाचा ढीग पडला. त्यातली कोणतीही दोन वजनं एकमेकांशी जुळेनात. जो तो दुसऱ्याचं वजन पाहून तोंडात बोट घाली आणि आपलं धोतराच्या सोग्यात लपवी. वर पाय करून पडलेले देवराव या सगळ्यांवर न्यायाधीशासारखे नजर ठेवून होते.

"गंज झालं, लय झालं आता," शेवटी यमुनाबाई म्हणाल्या. "साऱ्या इतवारीत एक खरं वजन नाई. मले तं आता बाजारात जायाची बी भीती वाटते. दादाजी, पोतडी घ्या. नदीची रेती भरा अन् टेसनावर पार्सलच्या काट्यावर मोजून आणा. तो काटा कोणाच्या बापाचा नाई."

रेतीची पोतडी आली. जडपेक्षा हलकी, हलक्यापेक्षा जड, पाच शेर म्हणजे पाच शेर. ती लटकली आणि देवराव बोंबललेही नाहीत, घोरलेही नाहीत. थोडं दुखत होतं, डॉक्टर म्हणाले होते तेवढंच. पुढच्या मोजणीला पाय जागेवर होता. त्याच्या पुढच्याही. मुंबईला पत्र गेलंच नाही. पोतडी सुटली, मग काठी आली, मग काठीही गेली.

दसऱ्याला देवराव गादीजवळ उभे राहिले. दादाजी एका बाजूला, यमुनाबाई माजघराच्या दारात. देवरावांनी देवाचं नाव घेतलं, डावा पाय मोडला, मग जपून उजवा. मांडी पडली. वडिलांच्या, आजोबांच्या खळग्यांत बरोबर बसली. यमुनाबाईंनी साखर वाटली. मधुकररावांनी आपल्या दुकानातून हात उंचावून "बसला गा, बसला!" अशी आरोळी दिली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून डॉक्टरांच्या आई इंदुताई आल्या. दादाजींनी पार्सलच्या काट्यावर तपासून आणलेलं नवं वजन तागडीत टाकलं. देवराव गूळ घालू लागले. वजन नवं, पण हात जुना. पारडी समोरासमोर येत असताना उजवीकडे थोडं झुकायचं आणि कोणाला दिसणार नाही अशी करंगळी गुळाच्या पारड्याच्या कडेला लावायची, ही सवय त्या हाताला मिसरूड फुटल्यापासूनची. देवराव झुकले. त्याबरोबर खुब्यातून अशी कळ निघाली, की ते "आई गं!" म्हणून मागे सरले आणि हातातली गुळाची ढेप अख्खीच्या अख्खी पारड्यात पडली.

"एवढा, देवराव?" इंदुताई चकित झाल्या.

"न्या, ताई," देवराव खुबा धरून म्हणाले. "सण आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी चालवून पाहिलं, उकिडवं बसवलं, मांडी घालायला लावली. "सगळं उत्तम आहे. दुखतं कुठं?"

देवराव घुटमळले. मग त्यांनी तागडीसमोर बसून दाखवलं. "असं उजवीकडे झुकून, हात असा पुढं नेला का, कळ येते."

डॉक्टरांनी त्या पुढं झालेल्या करंगळीकडे पाहिलं, पारड्याकडे पाहिलं आणि पेटी बंद केली. "त्याला औषध नाही. ते ऑपरेशननंच जाईल. मुंबईला."

"राहू द्या मंग," देवराव म्हणाले.

त्यानंतर ते दुकान पुष्कळ वर्षं चाललं, आणि असं चाललं, की गूळ घ्यायला माणसं कामठीहून बैलगाडी जुंपून येत. ती इतवारी आता राहिली नाही. तो गुळाचा वास, ते टांगे, गादीवरून गादीवर फेकले जाणारे ते टोमणे, सगळं गेलं. पण त्या काळात कोणी जुनं गिऱ्हाईक पारड्याकडे पाहून म्हणालं, की "देवराव, पडल्यापासून तुम्ही गंज सुधरले हो," तर ते गादीवर जरा सावरून बसत आणि खुब्यावर हात ठेवून म्हणत, "सुधरलो कायचा गा! दुखते."