बापूंचं भायेरचं डिपार्टमेंट

आमच्या गावात कुणाच्या घरी लेकरू झालं की बापाला बघायला येगळा माणूस येतो. सरकारनं पाठवलेला न्हाई. बापू आपले आपणच येतेत.

बापू म्हंजे आमच्या गावच्या आशा वर्करचे, मंदाकाकूचे मालक. काकूला गाडी येत न्हाई, म्हणून बापू तिला मोटरसायकलवर घरोघर नेतेत. काकू आत बाळंतिणीकडं जाती. बाप्या माणसाला आत कोण जाऊ देतंय? मग बापू ओट्यावर बसून लेकराच्या बापाला धरतेत. "आतलं डिपार्टमेंट तिचं, भायेरचं माझं!" जलमभर मेंढरं वळलेली, त्यामुळं साधं बोलले तरी शेजारच्या शिवारात ऐकू जातंय.

"काय रं, हात धुतले का?"

"धुतले, बापू."

"साबणानं?"

"व्हय."

"दाव."

आन् खरंच हात हुंगून बघतेत!

पारावर मी ह्यांची नक्कल करायचो. पोरं हसून हसून चहा सांडायची. मग माझीच पाळी आली.

आमची पोरगी येळेच्या आधी झाली. एवढीशी, ओंजळीत मावंल अशी. घरी सोडताना आरोग्य केंद्राच्या सिस्टरनं बजावलं, हिला उघड्या छातीला लावून ऊब द्यायची, कांगारूवाणी. माझ्या बायकोच्या, सुरेखाच्या अंगात बळ न्हाई, ती एकटी किती येळ धरील? आळीपाळीनं बापानंबी धरायचं.

आई, चुलत्या, सगळ्या बाया घरात, आन् मी उघडाबंब बसू? गावाची नक्कल मी करतो, उद्या गाव माझी करील.

मी टाळतोय हे कळल्यावर काकूसंगं आलेले बापू ओट्यावरून गरजले, "काय ते कांगारू? म्या जलमात बघितलं न्हाई! थंडीत कोकरू पोटाशी धरून कोसभर चालतो आमी. मी काय त्याचा बाप हाय का? तरी धरतो! तुला सोताच्या लेकराची लाज वाटती व्हय बे?"

मी हसण्यावारी नेलं. "धरतो की उद्या," म्हणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी दूध ओढीना. हलवलं तरी डोळे उघडीना. मंदाकाकू आली, तिनं पायाला हात लावला आन् तिचं तोंडच उतरलं.

"गार पडलीय रं ही."

काकूनं तिथूनच सिस्टरला फोन लावला. सिस्टरनं गाडी बोलावली, तालुक्याच्या दवाखान्यात कळवलं. अंगणवाडीच्या शकूमावशी पदर खोचून पळत आल्या. आईच्या हातातली गुटीची वाटी काढून घेतली, "काईबी पाजू नका, आज्जी!" म्हणाल्या आन् सुरेखाला सावरून उभं केलं. ज्याला त्याला आपलं काम म्हाईत. मी तेवढा खांबावाणी उभा.

भायेरून आवाज आला, "शर्ट काढ बे! शर्ट!"

काढला. दोन बटणं तुटली. काकूनं पोरगी छातीला लावून वरून शाल गुंडाळली. वलं फडकं ठेवावं तशी गार लागली ती.

गाडीपुढं बापू मोटरसायकलवर. रस्ता मोकळा करायला! उसाच्या ट्रॅक्टरांवर हात नाचवत, "सरका! लेकरू हाय, लेकरू!" म्हणून बोंबलत. ट्रॅक्टर कवाच बाजूला झाले, मधी राहिले ते एकटे बापू. ड्रायव्हर हॉर्न मारून बेजार. "ह्या म्हाताऱ्याला कुणी तरी आवरा रं!" शेवटी काकूनंच खिडकीतून हाक मारली, तवा कुठं बापू कडंला झाले. माझं ध्यान सगळं छातीवर. कातडीला तिचा श्वास लागायचा, मग लागायचा न्हाई, की माझाच थांबायचा. मग परत लागायचा.

दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठिवलं. नंतर दोघांच्या छातीला आळीपाळीनं. नर्सनं नाव घ्यायच्या आत मी शर्ट काढून हजर. तिथं कसली लाज? बाजूच्या खुर्चीवर तलवाड्याचा एक जण तसाच उघडा बसलेला. हळूहळू पोरगी दूध ओढाया लागली, वजन धरलं, आन् आमी घरी आलो.

मंदाकाकू बघायला आली. सुरेखाशी बोलत आत बसली. मी पोरीला शालीत घेऊन ओट्यावर आलो, तर बापू तोंड फिरवून बसले.

"बघा की, बापू."

"नगं. ते आतलं काम हाय."

"गावातलं एकबी लेकरू बघितलं न्हाई तुमी?"

"रडणं ऐकतो की." मग बोलले ते इतकं हळू, की मला वाकावं लागलं. "माझी दोन्ही लेकरं झाली तवा मी मेंढरं घेऊन लांब गेलतो. माघारी आलो तर रांगत व्हती. मला बघून भ्याली. आईच्या मागं लपली."

मी पोरगी त्यांच्या हातात दिली. बापू दगडावाणी बसले, धोतराची घडीसुदीक हलू दिली न्हाई. तिनं एकदा तोंड वाकडं केलं. बापूंचा चेहरा पांढरा पडला. पण ती रडली न्हाई. त्यांच्या कोपरात डोकं घुसवून निजली.

काकू भायेर आली. "अवं, चला, वरच्या वस्तीला जायचंय."

बापूंनी मान वर केली न्हाई.

"बस घटकाभर," म्हणाले. "आत्ताच डोळा लागलाय."