साळबा साळिंदर आणि पाहुण्यांचं तिकीट

एका जंगलात, बाळांनो, फुटबॉल शिरला. कसा शिरला ते विचारू नका. उंदीर घरात कसा शिरला हे कधी कुणाला सांगता आलंय? शिरला तो शिरला. मग शेजारच्या जंगलात शिरला, मग पलीकडच्या. बघता बघता प्रत्येक जंगलाचा एकेक संघ झाला.

आपली गोष्ट तळवनातल्या साळबा साळिंदराची. साळबाला फुटबॉलचं भारी वेड, पण मैदानात उतरायची त्याला बंदी होती. लहानपणी एकदा तो उतरला होता. चेंडू डोक्यानं मारायला गेला, तो पाठीच्या काट्यांत रुतला आणि फुस्स झाला. हसू नका. बिचाऱ्याला त्या दिवशी रडू आवरेना.

तेव्हापासून तो काठावर बसून ओरडायचा. घसा बसला की काटे खुळखुळवायचा. तळवनाच्या खेळाडूंना त्या खुळखुळाटाची इतकी सवय झाली की तो कानावर पडल्याशिवाय त्यांचे पायच उचलत नसत. म्हणून संघ परमुलखात निघाला की साळबाही कंदमुळं बांधून मागोमाग निघायचा.

त्या वर्षी अंतिम सामना डोंगरवनात होता. तिथल्या मैदानाचा सगळा कारभार मुंगूसरावांकडे. मुंगूसराव शिकलेले होते. काय शिकले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांनी तिकिटाचे दर लावले. डोंगरवनातल्यांना मूठभर मोहाची फुलं आणि पाहुण्यांना टोपलीभर.

साळबाच्या घरात टोपलीभर मोह होता, नाही असं नाही. पण ती पावसाळ्याची बेगमी होती.

"न्या की टोपली," बायको म्हणाली. "पावसाळ्यात पोरांना काटे खायला घालू."

साळबानं टोपली जागेवर ठेवली, मूठभर फुलं घेतली आणि टेकड्यांमागून टेकड्या ओलांडून डोंगरवनाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला.

"राव, हा इथला ससा दोन उड्यांत आला. त्याला मूठभर," तो म्हणाला. "मी पाय झिजवत आलो, तर मला टोपली?"

"अहो साळबा, ससा काय, आला तर आला," मुंगूसराव म्हणाले. "तुम्ही एवढ्या टेकड्या तुडवून आलात. म्हणजे तुमची हौस मोठी. आणि हौसेला मोल नसतं."

"मोल नसतं, तर मग टोपली कसली मागता?"

"मोल नसतं म्हणूनच. कितीही लावता येतं."

यावर तुम्हाला काही सुचलं असतं? मग गप्प बसा.

"पूर्वी पाहुणा आला की गूळपाणी द्यायचे," साळबा पुटपुटला.

"आम्हीही देतो की," मुंगूसराव म्हणाले. "त्याचे वेगळे पडतात."

झालं. साळबा फाटकाबाहेर जांभळाखाली जाऊन बसला. तळवनाचे ससे, पाणकोंबड्या, एक म्हातारी घोरपड, सगळे आधीच तिथे तोंड पाडून बसले होते. साळबाला फार वाईट वाटलं. टोपलीचं नाही हो. आत आपल्या संघातली पोरं कान टवकारून उभी असतील आणि त्यांना काहीच ऐकू येत नसेल, याचं.

आता त्या मुलखातली एक रीत ऐका. सामना सुरू व्हायच्या आधी यजमानांनी विचारायचं, "कोण आलं रे?" पाहुण्यांना बसायला राखलेल्या कठड्यातून उत्तर यायचं, "आम्ही आलो!" मगच पंचानं शिट्टी द्यायची. पंच होती टिटवी. आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी ती, नियमाच्या बाबतीत कुणाचं ऐकते थोडीच!

डोंगरवन गरजलं, "कोण आलं रे?"

पाहुण्यांच्या कठड्यात एक वाट चुकलेलं फुलपाखरू होतं. त्याला प्रश्न कळला नाही. टिटवी चोच मिटून बसली.

पुन्हा विचारलं. पुन्हा चिडीचूप. हळूहळू डोंगरवनातले लोक आपापली मूठ परत मागायला लागले. मुंगूसरावांना घाम फुटला. पाहुण्यांचा दर उतरवावा असं त्यांच्या मनात आलं का? छे! दर उतरवला की अब्रू उतरते. त्यांनी कावळ्याला फाटकाबाहेर पिटाळलं.

"पाहुणे पाहिजेत!" कावळा ओरडत सुटला. "रोजंदारीवर पाहुणे! तळवनाच्या नावानं ओरडायचं काम. पोटभर जेवण, वर टोपलीभर मोह!"

साळबा पहिला जाऊन उभा राहिला.

"तुम्हाला नाही घेता येणार," मुंगूसराव म्हणाले. "तुम्ही खरे पाहुणे. खऱ्याला तिकीट लागतं. ही भरती खोट्यांची आहे."

साळबा जन्मात कधी खोटं बोलला नव्हता. पण आत पोरं उभी होती.

"मी डोंगरवनाचाच की, राव," तो म्हणाला. "तळवनाचं नाव काढलं तरी मळमळतं. पण पोटासाठी काय काय करावं लागतं."

"बरं, ओरडून दाखवा."

साळबानं डोळे मिटले आणि तळवनाच्या नावानं अशी आरोळी ठोकली की जांभळावरची कच्ची जांभळं गळून पडली.

"चालेल," मुंगूसराव म्हणाले. "पण जरा जास्त करता. खरा पाहुणा एवढा ओरडत नाही."

मग काय विचारता! जांभळाखालचे सगळे रांगेत. जो तो डोंगरवनाचा. म्हाताऱ्या घोरपडीनं तर तळवनाला दोन शिव्याही हासडल्या आणि आत जाताना गुपचूप कान धरले.

"कोण आलं रे?"

"आम्ही आलो!"

टिटवीनं शिट्टी दिली. साळबानं काटे खुळखुळवले, आणि मैदानात मरगळून उभी असलेली तळवनाची पोरं अशी उधळली की गोलावर गोल. डोंगरवनातले हरले, पण चिडले नाहीत. भाड्याच्या पाहुण्यांकडे बघून म्हणाले, "काय सोंग वठवलंय! डोळ्यांत पाणी काय, मिठ्या काय!"

साळबा पोटभर जेवला आणि मोहाची टोपली घेऊन घरी आला. बायकोनं टोपली पाहिली, नवऱ्याला पाहिलं, आणि इतकी वर्षं तुम्ही फुकट का ओरडत होतात म्हणून चांगलं फैलावर घेतलं.

तिकडे मुंगूसरावांनी पाहुण्यांचा खच्चून भरलेला कठडा पाहिला होता. इतके पाहुणे येतात म्हणजे दर परवडतोय, असं म्हणून त्यांनी पुढच्या वर्षाला दोन टोपल्या लावल्या. ही बातमी तळवनात पोचली तेव्हा घरोघर गोडधोड झालं, कारण दर जेवढा चढा, तेवढी भरती मोठी.

तात्पर्य: आपल्या माणसांसाठी जीव तोडून ओरडावं, बाळांनो, पण ते मनापासून आहे हे फाटकावर कुणाला कळू देऊ नये. मायेला तिकीट पडतं. सोंगाला जेवण मिळतं.