अण्णांच्या दाराची जप्ती

करंजवडे नगरपालिकेने सगळे कर बंद करून लागतील तेवढ्या नोटा स्वतःच छापायला घेतल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. रस्ते त्यातून होत, दिवे त्यातून लागत. मेथीच्या जुडीला पोतंभर नोटा पडत. पण पोती नगरपालिका घरपोच देई, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

अण्णा लोखंड्यांनी मात्र अंथरूण धरलं होतं. जेवण सुटलं होतं. त्यांच्या मुलीने, कनकने, शेवटी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली.

"यांच्याकडे कोणी काही मागतं का?"

"नाही हो. आता कोण मागणार?"

"तेच. तगादा कमी पडलाय. असंच राहिलं तर पाडवा बघणार नाहीत."

कनक हबकली. पातेल्यावरचं झाकण पडलं तरी दचकणारी ती. पण तिला जुना मार्च आठवला. तेव्हा थकबाकीदारांच्या दारात हलगी वाजायची. अण्णा घरपट्टी मुद्दाम थकवायचे. लहूमामा आवळे हलगी शेकून ओट्यापाशी उभे राहायचे, वसुलीवाले खड्या आवाजात नाव पुकारायचे, सगळी आळी खिडक्यांत गोळा व्हायची. आई तोंडाला पदर लावून माजघरात हसायची. अगदी शेवटच्या दिवशी अण्णा पट्टी भरत, आणि पुढे वर्षभर कसे ताठ चालत!

ती नगरपालिकेत गेली. मागच्या आवारात नोटांचं यंत्र धडधडत होतं; कानांवर हात ठेवूनच ती आत शिरली.

"कर घ्यायला मनाई आहे, ताई," मुख्याधिकारी शेंडगे म्हणाले. "आणि घेऊन ठेवू कुठे? माझ्या खुर्चीखालीसुद्धा नोटाच आहेत."

"घेऊ नका. नुसता मागा."

शेंडग्यांनी बराच विचार केला. "मागायला मनाई नाही. पण हलगीवाल्याची मजुरी?" मग त्यांनी स्वतःच मान हलवली. "ती छापू म्हणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेंडगे शिपाई घेऊन आले आणि लहूमामांनी दारात हलगी कडाडवली. कनक जागच्या जागी उडाली.

"लोखंडे अण्णा! पट्टी भरा, न्हाईतर जप्ती!"

आत खाट करकरली. "कनक, सांग, मी घरी नाही."

"लहूमामा, अण्णा घरी नाहीत."

"कवा येतील?"

"मार्च संपल्यावर!" आतून अण्णाच ओरडले, आणि धोतर सावरत बाहेर आले. "आणि आकारणी साफ चुकलीये तुमची! न्हाणीघर दोनदा धरलंय! दमडी देणार नाही!"

"देऊच नका," शेंडगे समजुतीने म्हणाले. "आम्हाला घेताच येत नाही."

अण्णांचा चेहरा उतरला. "म्हणजे नुसतं सोंग?" ते वळले आणि भिंतीचा आधार घेत खाटेकडे निघाले.

कनक शेंडग्यांपुढे आडवी आली. "साहेब," ती म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजालाच दचकली. "नोटा घ्यायला मनाई आहे. दार न्यायला आहे का?"

शेंडग्यांनी दाराकडे पाहिलं. वरून खालपर्यंत नीट पाहिलं. दारासंबंधी कुठलाच आदेश नव्हता.

शिपायांनी बिजागऱ्या काढल्या. अण्णा तरातरा परत आले. "अरे हळू! सागवान आहे! माझ्या बापानं करून घेतलंय! बघून घेईन एकेकाला!" दार हातगाडीवर चढलं, तसे ते चार पावलं मागे धावले. लहूमामांनी हलगीचा ठेका वाढवला.

मग अण्णा ओट्यावर टेकले आणि त्यांनी भाकरी मागितली. तिसरी कनकने न मागताच वाढली.

समोरच्या भांडारेवहिनी मघापासून फाटकाशी उभ्या होत्या. चौकटीतून थेट परसापर्यंत दिसत होतं. त्यांनी एक सुस्कारा सोडला.

"आमच्याकडे कसं कोणी येत नाही हो, अण्णा?"

अण्णांनी घास सावकाश चावून गिळला.

"थकवावं लागतं, वहिनी," ते म्हणाले. "एका दिवसात होत नाही ते."