रायफलच्या पट्ट्यात साहेब

बँक उघडायला थोडाच वेळ होता आणि मॅनेजर साहेब हॉलच्या मधोमध उभे राहून शर्टाच्या बाह्या दुमडत होते.

"चला मामा, मी हिसकावतो. करून दाखवा!"

मामा म्हणजे शाखेचे सुरक्षारक्षक. उंच, किडकिडीत; मिशा मात्र दोघांना पुरतील एवढ्या. कोणी अंगावर येऊन रायफल हिसकावू लागला तर ती कशी राखायची, याचं प्रशिक्षण घेऊन ते कालच परतले होते. खरी रायफल कपाटात कुलूपबंद होती, खांद्यावर सरावाची लाकडी होती. आज मुख्य कार्यालयातून कोणीतरी परीक्षा घ्यायला येणार होतं. नापास झाले तर रायफल जाणार आणि काठी घेऊन मागच्या गोदामावर बसावं लागणार. म्हणून सकाळपासून मामांचा सराव चालला होता.

"साहेब, तुम्हाला लागेल हो."

"मला? अहो, कॉलेजात कुस्ती खेळलोय मी."

"तेव्हा पोट होतं का?" कॅशियर बाईंनी चष्मा पुसता पुसता विचारलं.

साहेबांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि रायफलच्या नळीवर झडप घातली.

मामांनी शिकवल्याबरहुकूम केलं. ओढाओढ केली नाही. उलट साहेब ओढत होते तिकडेच एक पाऊल आत घुसले, नळी जमिनीकडे दाबली आणि गर्रकन वळले. इथे चोर नळी सोडतो, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. पण साहेब चोर नव्हते, मॅनेजर होते. हातात आलेलं काही सोडायची त्यांना सवयच नव्हती. नळी धरून ते मामांच्या काखेखालून फिरले, त्यांचं डोकं रायफलच्या पट्ट्यातून आरपार गेलं आणि दोघंही एकाच पट्ट्यात करकचून आवळले गेले. पुढे मामा, मागे साहेब, मध्ये आडवी रायफल. बक्कल साहेबांच्या पोटाखाली कुठेतरी गडप झालं होतं.

"सोडा आता," मामांच्या पाठीमागून आवाज आला.

"मी कुठे धरलंय? तुम्हीच आत आलात."

"साहेब, पोट आत घ्या," बाई म्हणाल्या.

"घेतलंय!"

"हे घेतलेलं आहे?"

बाईंनी कात्री काढली तसे मामा किंचाळले, "कात्री नको! पट्टा प्रशिक्षणवाल्यांचा आहे. आणला तसा परत द्यायचाय."

"आणि मी? मला घरून आलो तसं परत जायला नको?"

तेवढ्यात बाहेरून शटर वाजायला लागलं. किल्ल्या मामांच्या कमरेला होत्या, त्यामुळे दाराकडे दोघांनाही जावं लागलं.

"डावा पाय, साहेब."

"कोणाचा डावा?"

शटर वर गेलं. सर्वांत पुढे एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हे काय?"

"सुरक्षा वाढवलीये," साहेब गंभीरपणे म्हणाले.

मुख्याध्यापिकांना ते पटलं. त्यांनी अर्ज पुढे केला आणि साहेबांनी तो मामांच्या खांद्यावर ठेवून मोकळ्या हाताने सही केली. ते पाहून मागच्यांनीही रांग धरली. मामांच्या खांद्याचं टेबल झालं. गुदगुल्या होत होत्या, पण सही बिघडेल म्हणून ते हलले नाहीत.

रांगेत साध्या शर्टातला एक माणूस होता. पाळी आल्यावर त्याने अर्ज दिला नाही. बाजूने डोकावणारी नळी पकडली आणि जोरात हिसका दिला.

मामांनी विचार केलाच नाही. पाऊल आत, नळी खाली, गिरकी! फक्त या वेळी गिरकीबरोबर साहेबही आले. त्यांचे पाय जमिनीवरून सुटले, पोट त्या माणसाला लागलं आणि तो खुर्च्यांची रांग घेऊन आडवा झाला. काडकन बक्कल तुटलं. साहेब त्याच्या अंगावर पडले.

"हलू नकोस!" मुख्याध्यापिकांनी त्याच्या नाकासमोर छत्री धरली.

"अहो, मी परीक्षक आहे," खालून क्षीण आवाज आला.

मामांना गोदाम दिसायला लागलं. परीक्षक कंबर धरून उठले.

"रायफल कुठाय?"

"हा... हातात आहे, साहेब."

"मग झालं की. पास!"

मामांच्या मिशा थरथरल्या. घरी फोन लावावा म्हणून त्यांनी रायफल बाजूला ठेवायला पाहिलं, तर ती हलेना. दुसऱ्या टोकाला जमिनीवर बसलेल्या साहेबांनी अजून नळी सोडली नव्हती.

परीक्षक त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले. "काय पकड आहे! आमच्या प्रशिक्षणाच्या मैदानावर सरावाला चोर होणारी माणसं लगेच ढिली पडतात. तुम्ही याल का?"

"मी मॅनेजर आहे!" साहेब कडाडले. मग उठून कपडे झटकता झटकता त्यांनी हळूच विचारलं, "मैदान मोकळं आहे ना? फोन वगैरे वाजत नाहीत ना तिथे?"

आता दर शुक्रवारी मामा ऐटीत दारात उभे असतात आणि केबिन रिकामी असते. कोणी साहेबांची चौकशी केली की कॅशियर बाई मान वर न करता सांगतात,

"चोरी करायला गेलेत. संध्याकाळपर्यंत येतील."